धुराचं जळण

न्हाणीची कडी तुटली तेव्हा तू स्टुलावरून घसरून भिंतीला टेकली होतीस. नळाचं गरम पाणी तुझ्या पायांवरून वाहत होतं आणि भिंतीवरचा गॅस गिझर चालूच होता. मी "स्वाती" म्हणाले. मग "ए पोरी" म्हणाले. मग गालावर मारलं, जोरात मारलं. गाल चांगला लाल होता, धडधाकट माणसाचा असतो तसा. मला वाटलं चक्कर आली असेल.

तेव्हा काय करायला पाहिजे होतं ते आता मला सगळे सांगतात. गिझर बंद करायचा, दाराबाहेर पळायचं, ओरडायचं. यातलं मी काहीच केलं नाही. तुझ्या अंगावर कपडा नव्हता. खालच्या खोलीत संतोष राहतो, कंपनीची बस चालवतो, हाक मारली असती तर धावत आला असता. पण बाप्या माणसाला तशा वेळी आत कसं बोलवायचं? मी खुंटीवरचा गाऊन काढला आणि तुझ्या अंगात घालायला लागले. ओल्या अंगावर कपडा सरकत नाही. एक हात बाहीत गेला. दुसरा जाईना, सारखा निसटायचा. तो घालता घालता माझं डोकं जड झालं, कानात गिरणी चालल्यासारखं वाजायला लागलं. गाऊन गुडघ्यापर्यंत ओढला आणि मग हाक मारली. हाक कसली, घशातून कसातरी आवाज निघाला. मी तुझ्या शेजारी बसले. बसले म्हणजे पडलेच.

संतोषला तो आवाज गेला म्हणून तो आला. त्यानं आधी मला ओढलं की तुला, ते मला माहीत नाही. त्याला विचारलं तर तो दुसरंच काही बोलतो.

पुन्हा तपासायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाला, मी कडी तोडली त्याच्या आधीच तू गेली होतीस. माझी समजूत घालायचं त्याला काही कारण नाही, त्यामुळं मी ते खरं धरते. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा आधी गाऊनच घालीन. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आजी, हे अत्यंत चुकीचं आहे." असेल.

मी लिहायला बसले आहे ते तुझी आठवण येते म्हणून नाही. आठवण मनात ठेवता येते. तुझ्याबद्दल भलतंच बोललं जातंय म्हणून बसले आहे. आमच्या मोशीत बोललं जातंय, तुझ्या गावाकडं लातूरला बोललं जातंय. कुणी म्हणतं, पोरीनं न्हाणीचं दार लावून जीव दिला. कुणी म्हणतं, कंपनीतला विषारी गॅस घरी आणून ठेवला होता, त्यानंच गेली. दोन्ही खोटं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तेवढ्यात बसेल तसं लिहिते.

तू खोली बघायला आलीस तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला होता, "नवरा कुठंय?"

"नाहीये."

"न्हाईये म्हंजे? मेला का सोडला?"

"अजून भेटलाच नाही, आजी," असं म्हणून तू हसलीस. दुसरी कुणी पोरगी पाय आपटत जिना उतरली असती. मी किल्ली तिथंच काढून दिली.

काम काय करतेस विचारलं तर म्हणालीस, "चाकणच्या कंपनीत संशोधन करते. धुरापासून जळण करायचं." मला वाटलं माझी थट्टा करतेस. खाली अंगणात मी बंब पेटवला होता, सगळा धूर जिन्यात भरला होता आणि तू डोळे चोळत उभी होतीस. मी म्हटलं, "मग हा घेऊन जा की. रोज घेऊन जा."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते संपलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. जळलं ते जळलं. माझा सगळा जन्म चुलीपुढं गेला आहे. सरपण, गोवऱ्या, तुराट्या, पाचट, मिळेल ते जाळलं. त्यातून निघालेल्या धुरावर आजवर कुणाची भाकरी भाजली गेलेली मी पाहिली नाही. तू म्हणायचीस, "आजी, झाडं तेच करतात. तुमच्या चुलीतून निघालेली हवा झाड पानातून घेतं, त्यावर ऊन पडतं, त्याचं लाकूड होतं. आम्ही फक्त झाडाची नक्कल करायला बघतोय."

"मग झाडं लावा. कंपनी कशाला काढली?"

"झाडाला वीस वर्षं लागतात. चाकणच्या कंपन्यांच्या चिमण्या वीस वर्षं थांबतील का?"

यावर मी भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी म्हणायची.

पण समजावून सांगायचीस मात्र चांगलं. एकदा मी गच्चीवर गहू निवडत होते, तू जवळ येऊन बसलीस. म्हणालीस, "आजी, कार्बन म्हणजे एक बाई समजा. काहीही पूर्ण जाळलं की ती बाई दोन्ही कडेवर एकेक पोर घेऊन बाहेर पडते. पोरं म्हणजे ऑक्सिजन. दोन्ही कडेवर पोरं असलेली बाई काय काम करणार?"

"काय न्हाई. बोंबलत बसंल."

"बरोबर. म्हणून कार्बन डायऑक्साइड जळत नाही, नुसता हवेत साठत जातो. पण एक पोर कुणी उतरवून घेतलं, की बाईचा एक हात मोकळा. मग ती परत जळू शकते. तिच्यात हायड्रोजन मिसळला की पातळ इंधनसुद्धा करता येतं."

"आन पोर उतरवून घेनार कोन? सासू?"

"ऊन. पण नुसत्या उन्हाला ते जमत नाही. एक पूड लागते. ती उन्हाचा जोर धरते, पोर उतरवते आणि स्वतः आहे तशीच राहते. खर्च होत नाही."

"म्हंजे लग्न जुळवनारा मध्यस्थ."

"अगदी तसंच!"

"मध्यस्थ जेवून तरी जातो बाई."

तू इतकी हसलीस की सुपातले गहू सांडले. दुसऱ्या दिवशी कंपनीत सांगितलंस आणि तेव्हापासून तिथली सगळी पोरं त्या पुडीला मध्यस्थच म्हणायला लागली. "आज मध्यस्थ नीट काम करत नाही, आजी," असं तू जेवताना सांगायचीस. मी म्हणायची, "जेवाय घाला त्याला."

मग त्या काचेच्या पाट्या आल्या. गल्लीतली माणसं ज्यावरून एवढं बोलतात त्या या पाट्या. मी रोज बघत होते म्हणून सांगते, त्यात गॅस नव्हता, नळी नव्हती, बाटली नव्हती. पाटीएवढ्या काचा, त्यावर पिवळसर लेप. कंपनीतल्या दिव्याखाली लेप चांगला टिकायचा, पण आमच्या मोशीचं ऊन आणि इथली धूळ वेगळी. सगळीकडं बांधकामं, सगळीकडं सिमेंटचे ट्रक. जिथं आमची ज्वारी असायची तिथं आता लोकांच्या बाल्कन्या आहेत. लेप उन्हानं उडतो की धुळीनं झिजतो एवढंच तुला बघायचं होतं. म्हणून त्या काचा माझ्या गच्चीवर.

त्या काचा आल्या तेव्हा नेमक्या माझ्या कुरडया वाळत होत्या. चांगलं ऊन पडतं तो कोपरा तू धरलास. मी काचा उचलून टाकीच्या सावलीत ठेवल्या. संध्याकाळी तू आलीस ती थेट माझ्या दारात.

"आजी, काचा कुणी हलवल्या?"

"मी. माझ्या कुरडया वल्या राहिल्या."

"मला तिथलंच ऊन पाहिजे."

"का? ऊन तुझ्या बापानं ठेवलंय व्हय गं?"

"माझ्या बापानं नाही आणि तुमच्याही नाही. अर्धं अर्धं करू."

मग मधे विटा लावल्या. अलीकडं कुरडया, पलीकडं तुझ्या काचा. संतोषची बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला आली की म्हणायची, "भावाभावांचं वाटप झालंय जणू." दुपारी तुझ्या काचेवर कबूतर बसलं तर त्याला मीच हाकलायची. ते तुला कधी सांगितलं नाही.

कंपनीत घरच्यांना बोलवायचा दिवस होता, तेव्हा तू मला घेऊन गेलीस. तुझी आई यायची होती, तिला बरं नव्हतं. तुझ्या स्कूटरवर मागं बसून मी चाकणला गेले. पहिल्यांदा गेले असं नाही. आमचे कांदे आम्ही चाकणच्याच बाजारात न्यायचो, पण कंपनीच्या गेटाच्या आत कधी गेले नव्हते. गेटवरच्या माणसानं गळ्यात पास घातला, पदरावरून पिवळी टोपी घातली. माझ्या चपला बघून म्हणाला, "मावशी, आत बूट लागतात." मी म्हटलं, "तुमच्यातले काढून द्या मग." त्यानं खरंच दिले. एवढाले बूट घालून मी तुझ्या शेडमध्ये आले.

बॉयलरच्या चिमणीतून एक नळी काढली होती. पत्र्यावर काचेच्या लांब नळ्या उन्हात ओळीनं लावल्या होत्या आणि त्यांच्या आत तुझा मध्यस्थ. दिवसभराच्या उन्हात जेवढा वायू तयार व्हायचा तो एका लहान टाकीत साठवायचात. सगळ्यांना दाखवायला तू तो पेटवलास. निळी ज्योत आली, करंगळीएवढी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्योत लगेच विझली.

मी म्हटलं, "एवढ्यात च्या पन व्हायचा न्हाई."

तू हसून म्हणालीस, "होईल आजी. चहा होईल. तुमच्या हयातीतच होईल."

"माझी हयात किती धरलीस?"

"भरपूर. तुम्ही मरणाऱ्यातल्या नाही."

त्या शेडमध्ये भिंतीत एक मोठा पंखा घरघरत होता. मला त्याच्या आवाजानं तुझं बोलणं नीट ऐकू येईना. मी म्हटलं, जरा बंद कर की. तू एकदम गंभीर झालीस. तुझ्या कोटाच्या कॉलरला काडेपेटीएवढी एक डबी लावलेली होती, ती दाखवलीस. "आजी, आम्ही करतो तो वायू जळायला चांगला, पण श्वासात गेला तर वाईट. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. माणूस गप झोपी जातो. म्हणून पंखा बंद असला तर आत कुणी पाऊल ठेवायचं नाही, आणि ही डबी वाजली की हातातलं काम टाकून बाहेर पळायचं."

मी विचारलं, "डबी घरी आनतीस का?"

"ती कंपनीची आहे. आणि घरी कशाला? घरी कुठं हा गॅस आहे?"

मलाही ते पटलं. गेटवर आपण दोघींनी पास परत दिले, मी बूट परत दिले आणि तिथं जे ऐकलं तेही बहुतेक तिथंच ठेवून आलो.

आता गिझरचं. थंडी सुरू झाली तेव्हा तू तो बसवलास. माझ्या बंबावर तुझा राग होताच. "आजी, हा धूर तुमच्या छातीत जातो. तुमचा खोकला मला वर ऐकू येतो." मी म्हणायची, धुराची मला सवय आहे. "छातीला सवय होत नसते." गिझर लागला त्या दिवशी तू मला हाताला धरून वर नेलंस आणि नळ सोडून दाखवलास. "बघा. धूर नाही, वास नाही, काजळी नाही." लोकांना वाटेल, म्हातारीनं तेव्हा शहाणपणानं मान हलवली असेल, काही बोलली असेल. अजिबात नाही. मला तो गिझर फार आवडला. पाय दुखत होते तेव्हा मी दोनदा वर येऊन त्याच पाण्यानं अंघोळ केली. मुलाला म्हटलंसुद्धा, खाली एक बसव.

मग डास आले. इंद्रायणीत जलपर्णी वाढली की आमच्याकडं डास असे येतात की बोलायला तोंड उघडता येत नाही. तुझ्या न्हाणीचा झरोका उघडा होता, तिथून यायचे. जाळी लावायला माणूस आज येतो उद्या येतो करत होता. तू कुठल्याशा खोक्यातला थर्माकोल घेतलास, मापात कापलास आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून झरोक्यात बसवलास. काय नीट बसवला होतास! बोट घालायला फट राहिली नव्हती. डास थांबले. वारा थांबला. आपल्या दोघींनाही बरं वाटलं.

रविवार होता. रविवारी तू डोक्यावरून अंघोळ करायचीस, वेळ लागायचा. मी खाली बंबासाठी लाकडं फोडत होते. तुझ्या न्हाणीचं पाणी पाइपातून माझ्या कर्दळीत पडतं. ते पडतच राहिलं. मी खालून ओरडले, "अगं ए, टाकी रिकामी करतीस का काय?" मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे. उत्तर आलं नाही म्हणून चिडले, पुन्हा ओरडले, आणि मग हातात कोयता होता तसाच घेऊन जिना चढले. कडीच्या फटीत कोयता घालून दार उघडलं ते त्यामुळं.

हॉस्पिटलातून मला घरी आणलं आणि मगच तुझं सांगितलं. तोवर तुला गावी नेलं होतं. मी तुला शेवटचं बघितलं ते न्हाणीतच.

तुझ्याबरोबर काम करणारी कल्याणी मला भेटायला आली. ती बराच वेळ रडली, मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "नीट सांग मला. गिझर जळत व्हता, मग इख कुठनं आलं?" तिनं सांगितलं. बंद न्हाणीत ज्योतीनं आतली हवा संपवली. हवा पुरली नाही की गॅस पुरता जळत नाही. मग बाई दोन्ही कडेवर पोरं घेऊन बाहेर पडत नाही, एकच पोर घेऊन पडते. तुझंच उदाहरण तिनं मला सांगितलं. जो वायू करायला तू दिवस दिवस ऊन धरून बसायचीस, करंगळीएवढ्या ज्योतीपुरता मिळाला तरी उड्या मारायचीस, तोच त्या गिझरनं न्हाणीभर करून ठेवला होता. कुठं कष्ट नाहीत, मध्यस्थ नाही, ऊनही नाही.

कल्याणी म्हणाली, "आजी, आम्हाला हे सगळं माहीत होतं. स्वातीनंच आम्हाला शिकवलं होतं. आणि माझ्याही घरी तसाच गिझर आहे."

"झरोका?"

तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पुठ्ठा लावलाय. डासांसाठी."

"मग इथं काय बसलीस? जा घरी. काढ तो."

ती खरंच चहा अर्धा टाकून उठली.

गल्लीतल्या बायका मला बघायला आल्या. बघायला म्हणजे विचारायला. समोरच्या घरातली एक आवाज बारीक करून म्हणाली, "तिशी उलटली, लग्न नाही, एकटी राहायची. काहीतरी असणारच हो मनात. नाहीतर दार लावून..."

मी म्हटलं, "अंघोळीला तू दार उघडं टाकून बसतीस का?"

"तसं नाही हो, पण लोक म्हणतात..."

"मला बी त्योच गॅस चढला. मी कुनाच्या नादात जीव द्याय गेल्ते?"

ती उठून गेली. पण तिच्या मागून दुसरी आली ती कंपनीच्या गॅसचं घेऊन. गच्चीवर काचा ठेवायची, त्यातूनच निघाला असणार म्हणे. संतोषसुद्धा एकदा चाचरत म्हणाला, "आजी, त्या काचा तरी खाली नेऊन टाकू का? लोक उगाच..." मी म्हटलं, "हात लावशील तर खोली खाली कर." त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

मग तुझी आई आली, तुझं सामान न्यायला. तू आईसारखी दिसायचीस हे मला माहीत नव्हतं. ती पलंगावर टेकली नाही, फरशीवर बसली. पाणी दिलं ते प्यायली नाही. म्हणाली, "मावशी, एक खरं खरं सांगा. माझ्या लेकरानं काही करून घेतलं का?"

"न्हाई."

"गावात समदे तेच म्हणतेत. इतकी शिकलेली पोरगी गॅसनं कशी मरती, म्हणतेत. तिला कळलं नसंल का, म्हणतेत. मी काय सांगू त्यांना?"

मी तिला उठवलं आणि न्हाणीत नेलं. गिझर पोलिसांनी नेला होता, भिंतीवर नुसती भोकं होती. थर्माकोल तसाच होता. मी बोटानं दाखवला. तिनं वर बघितलं, स्टुलावर चढली आणि त्या चिकटपट्टीवरून हात फिरवला. चारी कोपरे बघितले. म्हणाली, "हे तिचंच काम आहे. शाळेच्या वह्यांना कव्हर असंच घालायची. एक सुरकुती नाही पडू द्यायची." आणि मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदा. मी खालून स्टूल धरून उभी राहिले.

नंतर मी तिला म्हटलं, "जिला मरायचंय ती डास चावत्यात म्हनून झरोका बंद करत न्हाई."

तिनं मान हलवली. तिला ते पुरलं. लातूरच्या लोकांना पुरेल का, ते मला सांगता येत नाही.

जाताना तिला गच्चीवर नेलं. कुरडया नव्हत्या, विटा तशाच होत्या, काचा तशाच होत्या. तिनं विचारलं, "हे काय?" मी तिला कडेवरच्या दोन पोरांचं सगळं सांगितलं. मला वाटतं बरोबर सांगितलं. ती म्हणाली, "मग जमलं का तिला?"

तू असतीस तर काय म्हणाली असतीस? अर्धा तास बोलली असतीस. मी म्हटलं, "थोडं जमलं. ज्योत लागली व्हती, मी माझ्या डोळ्यानं बघितली. च्या व्हायला वेळ हाय."

काचा नंतर कल्याणीनं नेल्या. काही काचांवर लेप टिकला आहे, काहींवर पापुद्रे सुटले आहेत. उन्हानं नाही, धुळीनं, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून करायचं? ती म्हणाली, पहिल्यापासून नाही, मधून कुठूनतरी.

तुझं आणि माझं भांडण राहिलंच. तुला गावी लाकडावर ठेवलं असेल. तुझं म्हणणं धरलं तर तो धूर आता कुठल्यातरी पानात गेला असेल आणि त्याचं लाकूड होईल. तुझी आई असं काही मानायला लागली तर मी तिला मोडता घालणार नाही. मी मानत नाही. लाकूड झालं तर लाकूड होईल, वरच्या खोलीतून "आजी, धूर" असं ओरडणारी कुणी होणार नाही. जळलं ते जळलं, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते. या बाबतीत माझं बरोबर निघालं आणि मला त्यात काही गोड वाटत नाही.

तुला तोंडावर मी कधी चांगलं म्हटलं नाही. देवळात मात्र सगळ्यांना सांगायची, आमच्या वरची पोरगी धुराचं जळण करते. बायका हसायच्या. मी म्हणायची, "हसा. तुमच्या नातवंडांच्या गाड्या त्याच्यावर चालतील तवा बघू." हे तुला कुणी सांगितलं असेल तर ठीक. नसेल तर आता ऐक.

तुझा फोटो मी लावलेला नाही. दुसरं एक काम केलं. हिंडता यायला लागल्यावर लांब बांबू घेतला आणि गल्लीतल्या खोल्यांच्या मागच्या बाजूनं फिरले. सगळी कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहतात, सगळ्यांकडं गॅस गिझर, आणि सगळ्यांच्या झरोक्यात काही ना काही कोंबलेलं. पुठ्ठे, पिशव्या, एकाची जुनी पँट. बांबूनं ढकलून सगळं आत पाडलं. एका न्हाणीतून पोरगं ओरडलं, "आजी! अहो आजी, मी आत आहे!"

मी म्हटलं, "आत हायस म्हनूनच."

आता पोरं मला येता-जाता विचारतात, "आजी, आज झडती आहे का?" असते. काहींनी जाळ्या बसवल्या. काहींनी गिझर काढून बाहेरच्या बाजूला लावले. काही पुन्हा पुठ्ठा लावतात, मी पुन्हा पाडते. माझ्या मुलानं खाली विजेचा गिझर बसवला. बंब अंगणात आहे, अजून पेटवलेला नाही. पेटवणारच नाही असं काही नाही.

परवा तुझ्या आईचा फोन आला. लोक अजून विचारतात, म्हणाली. तिला सांगता येत नाही, बोलायला लागली की रडायला येतं, मग त्यांना वाटतं काहीतरी लपवते. "तुम्ही लिहून द्या, मावशी. तुम्ही तिथं होता. मी वाचून दाखवीन." म्हणून हे लिहिलं. यातला काही भाग तिनं वाचू नये असं मला वाटतं, गाऊनचा. पण तो काढला तर मी तिथं का पडले ते कळायचं नाही. तेव्हा राहू दे.

तिनं वाचून दाखवावं ते एवढंच. झरोका डासांसाठी बंद केला होता. दार अंघोळीसाठी लावलं होतं. गॅस गिझरचा होता, कंपनीचा नव्हता. तो आपल्या दोघींच्याही श्वासात गेला. तू गेलीस. मी वाचले.